जॅक गेला, पण त्याची कामं कुणाच्या अंगावर आली?

पेट झाली, मुलाखत तोंडावर आली, आता प्रपोजल लिहायचंय आणि विषयच सुचत नाही, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. विषय सुचवणं मला जमणार नाही, कारण तो तुमचा असायला हवा. पण एखाद्या साध्या गोष्टीतून संशोधनाचा प्रश्न कसा बाहेर काढायचा, हे मात्र सांगता येईल. त्यासाठी आज मी मुद्दाम एक अगदी छोटी वस्तू घेतली आहे. तिचा व्यास आहे साडेतीन मिलिमीटर. फोनला हेडफोनची पिन लावायचं ते गोल भोक, म्हणजे ऑडिओ जॅक.

बऱ्याच नव्या फोनांना तो नसतो. "आता सगळं वायरलेस आहे" असं म्हणून आपण पुढे जातो. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत उभं राहून याच बदलाकडे पाहिलं तर त्यातून किमान चार वेगवेगळ्या विषयांचे प्रश्न निघतात. ते कसे, ते पाहू.

आधी थोडा इतिहास

जॅक हा मोबाइलपेक्षा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर हाताने वायरी जोडायचे, त्या वायरींच्या टोकाला पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन असायची. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरला आजही तीच लागते. ट्रान्झिस्टर रेडिओ आले तसं तिचं लहान रूप, साडेतीन मिलिमीटरची पिन, वापरात आलं. १९७९ साली सोनीचा वॉकमन बाजारात आला आणि ही छोटी पिन जगभर पोचली. पुढे सीडी प्लेअर, संगणक, मोबाइल सगळ्यांनी तीच घेतली. विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या जगात इतका काळ टिकलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

७ सप्टेंबर २०१६ रोजी अ‍ॅपलने आयफोन ७ जाहीर केला आणि त्यात जॅक नव्हता. असं करणारी ती पहिली कंपनी नव्हती, पण तिच्यामुळे रस्ता पडला. पुढच्या वर्षी गूगलच्या पिक्सेल २ मधून आणि २०१९ मध्ये सॅमसंगच्या नोट १० मधून जॅक गेला. स्वस्त फोनांमध्ये तो जास्त काळ टिकला. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये तर जॅकही होता आणि एफएम रेडिओही.

जॅक काढण्याची कारणं सांगितली गेली ती अशी: आतली जागा वाचते, पाणी आत जायची एक वाट बंद होते, आणि भविष्य वायरलेसचं आहे. यातलं जागेचं कारण खरं आहे. पिन आत जवळजवळ दीड सेंटिमीटर जाते, आणि फोनच्या आत तेवढी जागा मोलाची असते. पाण्याचं कारण तपासून घ्यायला हवं, कारण त्याच २०१६ सालचा सॅमसंग गॅलेक्सी एस ७ पाणीरोधक होता आणि त्याला जॅकही होता. म्हणजे जॅक ठेवून पाणी अडवणं शक्य होतं. इथे संशोधकाची पहिली सवय लक्षात घ्या. कुणी चार कारणं एकत्र सांगितली की ती सुटी करायची आणि प्रत्येकासाठी एक उलट उदाहरण शोधून पाहायचं.

पहिली पायरी: वस्तू काय काय करत होती, त्याची यादी करा

"जॅक काढणं चांगलं की वाईट?" हा वादविवाद स्पर्धेचा विषय झाला. त्यावर पीएचडी होत नाही. त्याऐवजी असं विचारा: जॅक नेमकी कोणती कामं करत होता, आणि तो गेल्यावर प्रत्येक काम कुणाकडे गेलं? वस्तू काढून टाकली तरी तिच्या कामाची गरज संपत नाही. ते काम दुसऱ्या वस्तूकडे जातं, किंवा माणसाच्या खिशातून भरलं जातं, किंवा होतच नाही. तर यादी करू.

पहिलं काम: वीज न मागता आवाज देणं. वायरच्या इअरफोनला बॅटरी नसते. त्याला लागणारी शक्ती एक मिलिवॅटच्या आसपास, आणि तीही फोनमधूनच वायरीने येते. ब्लूटूथमध्ये काय होतं? फोन आवाजाचे अंक करतो, ते दाबून लहान करतो, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर पाठवतो. क्लासिक ब्लूटूथमध्ये त्यासाठी ७९ चॅनल असतात आणि सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदललं जातं. कानातलं यंत्र ते अंक उलगडतं, पुन्हा विजेचा तरंग बनवतं आणि मग पडदा हलवतं. याचा अर्थ कानात आता एक रेडिओ, एक छोटा संगणक, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक बॅटरी आली. ती रोज चार्ज करावी लागते आणि काही वर्षांत थकते. कानातल्या लहान इअरबडमधली बॅटरी बदलायची सोय बहुतेक वेळा नसते.

शहापूरचा विद्यार्थी सकाळी शेअर रिक्षाने आसनगावला येतो, लोकल पकडून कल्याण किंवा ठाण्याला कॉलेजला जातो. मुरबाडला रेल्वे स्टेशनच नाही, तिथली मुलं एसटीने किंवा जीपने कल्याण गाठतात. रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात आणि त्यात अनेकांचा अभ्यास होतो तो रेकॉर्ड केलेली लेक्चरं ऐकून. पावसाळ्यात रात्री वीज गेली तर सकाळी फोन चार्ज आहे का ही एक चिंता असते. इअरबड आले की दोन चिंता होतात. वायरच्या इअरफोनमध्ये आणखी एक सोय होती, ती म्हणजे एक कानात आपण आणि दुसरा मैत्रिणीच्या कानात. इअरबडचेही दोन वाटून घेता येतात म्हणा, पण वाटताना एक रुळाखाली गेला तर काय, हा विचार मनात येतोच.

दुसरं काम: अँटेना होणं. हे काम फार थोड्या लोकांना माहीत असतं. फोनमध्ये एफएम लावताना "हेडफोन जोडा" असा संदेश यायचा, आठवतंय? तो ऐकण्यासाठी नव्हता, कारण आवाज स्पीकरवरही घेता यायचा. इअरफोनची वायरच अँटेना होती. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते. चांगल्या साध्या अँटेनासाठी तिच्या चौथाई, म्हणजे ७५ सेंटिमीटर तार लागते. इतकी लांब तार फोनमध्ये मावत नाही, पण इअरफोनची वायर साधारण तेवढी किंवा थोडी जास्त असते. जॅक गेला आणि अँटेनाही गेली. त्यामुळे जॅक नसलेल्या फोनांत एफएम सहसा मिळत नाही.

मुंबईत राहणाऱ्याला याचं फारसं काही वाटणार नाही. शहापूर-मुरबाडला ते का वाटावं, याचं गणित करू. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे पोच किती, याचं एक कच्चं सूत्र आहे: ट्रान्समीटरच्या उंचीचं वर्गमूळ आणि तुमच्या अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ (दोन्ही उंच्या मीटरमध्ये) यांची बेरीज गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. समजा मनोरा १०० मीटरचा आणि तुम्ही फोन धरलाय २ मीटरवर. बेरीज १० अधिक १.४१, गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे ४७ किलोमीटर. शहापूर आणि मुरबाड हे मुंबईपासून, शहराचा कोणता भाग धरता त्यानुसार, सरळ रेषेत साधारण ५५ ते ८० किलोमीटरवर. मध्ये डोंगर आहेत ते वेगळे. म्हणजे हे दोन्ही तालुके मुंबईच्या एफएमच्या काठावर येतात. काठाच्या पलीकडेही लहरी थोड्या वाकून पोचतात, पण क्षीण होऊन. जिथे सिग्नल भरपूर असतो तिथे कसलीही अँटेना चालते. काठावर मात्र पाऊण मीटर तार आहे की नाही, यावर आवाज येणार की नुसती खरखर, हे ठरतं.

"पण रेडिओ आता अ‍ॅपवर ऐकता येतो की!" येतो, जोवर डेटा आहे तोवर. उल्हास नदीला पूर आला की रायत्याचा पूल बंद होतो आणि मुरबाडचा कल्याणशी सरळ रस्ता तुटतो. अशा दिवशी वीजही जाते, मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते, आणि जे टॉवर चालू असतात त्यांवर सगळ्यांची गर्दी होते. प्रसारणाला गर्दीचा त्रास नसतो. एका ट्रान्समीटरवर दहा जण ऐकोत की दहा लाख, त्याला फरक पडत नाही. म्हणूनच एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन उत्पादकांच्या संघटनांना सूचनापत्र पाठवलं, की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करून ठेवू नका. आपत्तीच्या वेळी रेडिओ लागतो, हे त्यामागचं एक कारण होतं. आता या सूचनेकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहा. चिप चालू ठेवली आणि अँटेना जोडायची जागाच नसली, तर त्या सोयीचा उपयोग किती? धोरण आणि यंत्र यांच्यामधली ही फट म्हणजे एक तयार संशोधन-प्रश्न आहे.

तिसरं काम: बाहेरचा माइक जोडणं. हे भाषा, समाजशास्त्र, लोकसाहित्य करणाऱ्यांनी नीट वाचा. या दोन तालुक्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली असे समाज राहतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक आहे (बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड). त्यांची स्वतःची बोली आहे आणि ती नोंदवून ठेवायचं काम अजून भरपूर बाकी आहे. तुम्ही वाडीवर जाता, आजीबाई बोलायला लागतात, आणि तुमच्या फोनला जॅक नाही म्हणून तुम्ही ब्लूटूथचा माइक लावून रेकॉर्डिंग करता. काय होतं?

ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज चांगला येतो. पण हेडसेटचा माइक चालू झाला की बहुतेक जोडण्या फोन-कॉलच्या मोडमध्ये जातात. त्यात आवाजाचे नमुने सेकंदाला ८ हजार किंवा फार तर १६ हजार घेतले जातात. नायक्विस्टचा नियम आठवा: जितके नमुने, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज नोंदवता येतो. ८ हजार नमुन्यांत ४ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. आणि 'स'सारख्या ध्वनीची बरीचशी ऊर्जा त्याच्याच वर असते. आजीबाई 'स' म्हणाल्या की दुसरं काही, हे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. ज्या बोलीत लिहिलेलं फारसं नाही, तिचा ध्वनी हाच पुरावा असतो. तो असा गेला तर तुमचा प्रबंध थोडा कच्चा राहील एवढंच नाही, त्या माणसाचं बोलणंही अर्धवट नोंदलं जाईल, आणि दहा वर्षांनी ते पुन्हा ऐकायला जाल तर बोलणारं कुणी असेलच असं नाही.

उपाय साधा आहे. ब्लूटूथ माइकपेक्षा फोनचा स्वतःचा माइक जवळ ठेवून वापरा, किंवा यूएसबीला लागणारा माइक घ्या, किंवा वेगळा रेकॉर्डर न्या. फाइलमध्ये नमुन्यांचा दर ४४,१०० किंवा ४८,००० आहे ना, हे गावात जाण्याआधी घरीच तपासा.

विज्ञानवाल्यांनाही एक इशारा. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. व्हिडिओ पाहताना अ‍ॅप चित्र थोडं थांबवून मेळ घालतं, म्हणून कळत नाही. पण फोन वापरून ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग कराल तर २०० मिलिसेकंदांची चूक म्हणजे ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने जवळजवळ ६९ मीटरची चूक. शाळेच्या मैदानावर मोजायचं अंतरच तेवढं नसतं.

चौथं काम: स्वस्त उपकरणाचं दार होणं. जॅक म्हणजे फोनमध्ये विजेचा तरंग आत-बाहेर नेण्याची उघडी वाट होती. २०१० साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी हायजॅक नावाचं छोटं सर्किट दाखवलं. ते फोनला आवाज वाजवायला लावायचं आणि त्या आवाजाच्या विजेवरच, काही मिलिवॅटमध्ये, सेन्सर चालवायचं. २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या सॅम्युएल सिया यांच्या गटाने जॅकला जोडायचं रक्ततपासणीचं यंत्र बनवलं. एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची तपासणी १५ मिनिटांत, वीज फोनमधूनच, यंत्राचा उत्पादनखर्च अंदाजे ३४ डॉलर. रवांडामध्ये ९६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. पुढच्याच वर्षी आयफोनमधून जॅक गेला.

डोळखांब किंवा टोकावडेसारख्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रासाठी तुम्ही असं काही बनवणार असाल, तर यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्या. तुमचं उपकरण ज्या दारातून फोनमध्ये शिरतं, त्या दाराचा मालक कोण, हे प्रपोजलमध्येच लिहा. दार कंपनीच्या मर्जीवर असेल तर पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवा.

मधला प्रश्न: अडॅप्टर लावला की झालं ना?

इथे बाजारातला एक नेहमीचा गोंधळ सोडवू. यूएसबी सी टू हेडफोनचा अडॅप्टर एका फोनवर चालतो आणि शेजारच्याच्या फोनवर चालत नाही. दुकानदार म्हणतो "पीस खराब असेल". बऱ्याचदा पीस चांगलाच असतो. या अडॅप्टरांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात आत फक्त तारा असतात. आवाजाचा तरंग फोनने स्वतः बनवून यूएसबीच्या वाटेने बाहेर काढायचा असतो, आणि ही सोय काही फोनांतच असते. दुसऱ्या प्रकारात अडॅप्टरच्या आत एक चिप असते, ती अंकांचा तरंग बनवते. हा दुसरा प्रकार जास्त फोनांवर चालतो, पण महाग पडतो, आणि त्यात वायरीची अँटेना फोनच्या आतल्या एफएम चिपपर्यंत सहसा पोचत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे जॅक गेल्यावर "कोणता अडॅप्टर घ्यायचा" हे ज्ञान मिळवण्याचं कामसुद्धा ग्राहकाच्या अंगावर आलं. ज्याला ते माहीत नाही तो दोनदा पैसे देतो. शिवाय चार्जिंग आणि इअरफोन दोन्हीला एकच दार उरतं, ते वेगळंच.

वायरलेसची बाजूही लिहा

तुमची यादी एकतर्फी झाली तर गाइड परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. वायर पिनेजवळ तुटते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. जॅकमध्ये धूळ जाते, पिन सैल होते. शेतात, यंत्राजवळ, मोटरसायकलवर लोंबणारी वायर धोक्याची. ज्यांच्या हाताच्या हालचालींना मर्यादा आहेत त्यांना वायरलेस सोपं पडतं. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ पद्धतीत श्रवणयंत्रांचा विचार मुळापासून केलेला आहे आणि तिचा एलसी३ कोडेक कमी विजेत चांगला आवाज देतो. आठवडी बाजारात गळ्यात अडकवायचे नेकबँड मिळतात आणि लोक ते आवडीने घेतात. गावातले लोक मागे राहिलेत आणि वायरीला धरून बसलेत, असं गृहीत धरून प्रश्नावली बनवाल तर उत्तरंही तशीच येतील.

दुसरी पायरी: सरासरीत कोण हरवतं ते पाहा

आता समजा तुम्ही ठरवलं, की ठाणे जिल्ह्यात सर्वेक्षण करायचं: जॅक गेल्याने लोकांवर काय परिणाम झाला? ४०० जणांचा नमुना घेतला, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला. पुस्तकाप्रमाणे सगळं ठीक. पण २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार. पालघर वेगळा झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याची, त्याच जनगणनेवरून, सुमारे ८० लाख. म्हणजे हे दोन तालुके मिळून जिल्ह्याच्या ६ टक्क्यांच्या थोडं वर. तुमच्या ४०० जणांत त्यांच्या वाट्याला येतात २५.

४०० जणांवरून काढलेल्या टक्केवारीत त्रुटीची मर्यादा जास्तीत जास्त ५ टक्क्यांच्या आसपास. २५ जणांवरून काढली तर जवळजवळ २०. "इथल्या निम्म्या लोकांना अडचण झाली" असं तुम्ही लिहिलंत, तर खरा आकडा ३० पासून ७० पर्यंत कुठेही असू शकतो. याचा अर्थ काहीच कळलं नाही. आणि तिकडे अहवालाच्या पहिल्या पानावर ठाणे, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर यांच्या जोरावर येईल: "जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांना फरक पडला नाही." आकडा खरा असेल, पण काठावरची माणसं त्यात दिसणार नाहीत. अँटेनाच्या बाबतीत जे झालं तेच इथे होतं. सिग्नल भरपूर असलेल्या जागी मोजमाप केलं की अडचण दिसतच नाही.

उपाय म्हणजे स्तरित नमुना. शहरी भागातून २०० आणि या दोन तालुक्यांतून २०० घ्या. मग दोन्हीकडची मर्यादा सुमारे ७ टक्क्यांवर येते आणि तुलना करता येते. मात्र जिल्ह्याची एकत्र टक्केवारी सांगायची झाली तर भार लावून सांगा, नाहीतर ६ टक्के लोकांचं मत ५० टक्क्यांइतकं मोजलं जाईल. हा भार लावायला विसरलेले प्रबंध व्हायव्हात अडकतात.

तिसरी पायरी: श्रीमंतीचा पडदा बाजूला करा

नमुना नीट घेतला तरी एक सापळा उरतो. जॅक नसलेले फोन आणि जॅक असलेले फोन अशा दोन गटांची तुलना केली आणि दिसलं की जॅक नसलेल्यांचा अभ्यास जास्त होतो. मग जॅक काढल्याने अभ्यास वाढला का? अर्थात नाही. जॅक आधी महाग फोनांतून गेला, म्हणून त्या गटात मुळातच पैसेवाली घरं जास्त. घरची परिस्थिती दोन्हीकडे हात घालते, फोनच्या प्रकारावरही आणि अभ्यासावरही. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. नेट-सेटच्या परीक्षेत व्याख्या विचारतात, पण ती अशा उदाहरणातूनच डोक्यात बसते.

वाट दोन प्रकारे काढता येते. एक, साधारण एकाच किमतीच्या फोनांची तुलना करा. दोन, आणि हे जास्त चांगलं, त्याच माणसांकडे दोनदा जा. फोन बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर. तोच माणूस, तेच घर, तीच लोकल. मग ऐकण्याचे तास, खर्च, रेडिओ यांत झालेला फरक जास्त विश्वासाने सांगता येतो.

गावात जाताना

कॅलेंडर पाहून जा. जुलैमध्ये सगळे आवणीला चिखलात असतात, तेव्हा कुणाला प्रश्नावलीसाठी तासभर बसवणं बरं दिसत नाही. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत गेलात तर वाडीवरच्या घरांना कुलपं दिसतील, आणि तुमच्या नमुन्यातून नेमके तेच लोक गळतील. भात कापणीच्या आधीचा सप्टेंबरचा काळ त्यातल्या त्यात बरा. गावाची यादी घेताना पाडे आणि वाड्या तिच्यात आहेत ना, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

प्रश्न साधे ठेवा. "आपल्या भ्रमणध्वनीस ३.५ मिमी ऑडिओ जॅक उपलब्ध आहे काय?" असं विचारलंत तर समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणेल. "मावशी, फोन बघू का जरा?" म्हणा, आणि परवानगी घेऊन स्वतः पाहा. "रेडिओ ऐकता का?" याला "नाही" आलं तरी तिथे थांबू नका. "काल दिवसभरात फोनवर काय काय ऐकलंत?" हे विचारा. मेमरी कार्डवरची भजनं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप, मुलीचं लेक्चर, सगळं बाहेर येईल. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा, आणि बोली वेगळी असेल तर तिथल्याच कुणाकडून समजावून द्या. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्या, आणि तो ज्याचा आहे त्याला ऐकवून मग निघा.

आता तुमचं काम

वर आलेल्या कामांपैकी एक निवडा आणि त्यावर एका वाक्यात प्रश्न लिहा. उदाहरण देते: "शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, समान किमतीच्या फोनांमध्ये, वायरची अँटेना नसल्यामुळे पावसाळ्यात रेडिओ प्रसारण ऐकता येण्यात किती फरक पडतो?" यात जागा आहे, तुलना आहे, काळ आहे, मोजता येणारी गोष्ट आहे, आणि उत्तर "काहीच फरक पडत नाही" असंही येऊ शकतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. जो प्रश्न आपल्याला खोटं ठरवू शकत नाही, त्यावर तीन-चार वर्षं घालवू नका.

इतरांनी हीच पद्धत आपापल्या विषयावर लावून पाहावी. बँकेतलं पासबुक भरायचं मशीन, एसटीतलं कागदी तिकीट, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, काहीही घ्या. एखादी गोष्ट आली किंवा गेली की तिच्या कामांची यादी करा, प्रत्येक काम कुणाकडे सरकलं ते लिहा, आणि त्या माणसापर्यंत पोचेल असा नमुना आखा. एका पानात हे जमलं तर प्रपोजलचा गाभा तयार आहे. लिहून झालं की ते पान गाइडना दाखवण्याआधी घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. त्यांनी मध्येच थांबवून "म्हणजे?" विचारलं, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.